शनिवारी घाणा बंद

२ सप्टेंबर २०१८, रेहोवोत

दिव्याहून निघाले तेव्हा चाळीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर लागला होता. ह्यांनी एका हाताने पाइप धरला होता, दुसरा हात मला निरोप द्यायला वर केला. लेक आठव्या महिन्यात आहे. ती आणि जावई दोघंही इथल्या वाइझमन संस्थेत संशोधन करतात. तीन महिन्यांचा व्हिसा मिळालाय, पुढे वाढवून घ्यायचा असं ठरलंय.

आज रविवार, पण सगळे कामाला गेले. इथला आठवडा रविवारी सुरू होतो. दुपारभर घरात मी एकटी. खिडकीतून संत्र्याची झाडं दिसतात आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ठिबकची काळी नळी.

५ सप्टेंबर

घरात नेटवर्क नीट येत नाही म्हणून जिन्यात उभी राहून ह्यांच्याशी फोनवर बोलत होते. नेहमीचंच, "पाणी आलं का? किती पिंपं भरली?" एवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला, "कुठं नाही आलं पाणी?"

मी चमकले. इतकं सरळ, कोकणी हेलाचं मराठी! वर बघितलं तर सुती झगा घातलेल्या, पांढर्‍या केसांच्या एक बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"दिव्याला," मी म्हटलं.

"कुठलं दिवा? दिवेकरांचं?"

मला समजेना. मग त्यांनी बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. जन्म पेणचा, बालपण ठाण्याचं, १९६३ साली सतरा वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर इकडे आल्या. त्यांच्या समाजात गावावरून आडनावं आहेत, आपल्यासारखीच. रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर आणि कोकणातल्या दिव्याचे दिवेकर. आमच्या दिवा जंक्शनचा त्या दिवेकरांशी संबंध नाही हे कळल्यावर त्यांना जरा वाईट वाटलं. पण त्या दिवेकरांपैकी एकाची गोष्ट त्यांनी सांगितलीच. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं, शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. बेने इस्रायल लोक प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. मशीद बंदर आणि मशीद स्टेशन ही नावं त्यावरूनच पडली, असं ह्या वरच्या मजल्यावरच्या आजी सांगतात.

मी तीस वर्षं मशीद स्टेशनला उतरून शाळेत मराठी शिकवायला गेले. सॅम्युअल स्ट्रीट ही पाटी रोज वाचली. कोण हा सॅम्युअल, हे मी कधी विचारलं नाही. पोरांना मात्र धड्याखालच्या टिपा पाठ करायला लावल्या.

१० सप्टेंबर

आज इथल्या यहुद्यांचं नवीन वर्ष. हिब्रूत रोश हशाना. आजी म्हणतात "नव्याचा सण". सफरचंद आणि मध तर दुकानातही ठेवलेलं असतं. आजींनी खाली पाठवलेल्या बशीत हलवा होता, गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवलेला. वड्या अगदी आपल्या पद्धतीने शंकरपाळ्याच्या आकाराच्या कापलेल्या.

१३ सप्टेंबर

गणेशचतुर्थी. जावयाने मातीचा छोटा गणपती आदल्या रात्री स्वतः वळला. मोदक करायचे होते, पण आजींना कसे द्यायचे हा प्रश्न होता. त्यांच्या घरी दूधदुभत्याची आणि मटणाची भांडी वेगळी असतात, आणि दुसर्‍या देवाला दाखवलेला नैवेद्य त्यांना चालत नाही. मी संकोचत विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या पातेल्यात उकड काढ, माझ्याच चाळणीत वाफव. अकरा माझ्याकडे ठेव, बाकीचे तुझ्या देवापुढे ने. मग कुणाचंच मोडत नाही."

तसंच केलं. त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघी पारी वळत बसलो. त्यांच्या पाकळ्या माझ्यापेक्षा बारीक आल्या. पेणला शेजारच्या ब्राह्मणांच्या घरी लहानपणी शिकल्या म्हणे, तिथेही नैवेद्याआधीचेच मोदक खात.

निघताना त्यांनी वाडगं हातात दिलं. नव्या तांदळाची खीर, नारळाच्या दुधातली. नव्याचा सण झाला की दोनचार दिवसांत त्यांच्याकडे खिरीचा सण असायचा. इथे आल्यावर तो कुणी करत नाही, कारण पोथीत त्याचं नाव नाही. आजी करतात. एकट्या.

१९ सप्टेंबर

कालची संध्याकाळ ते आजची संध्याकाळ, पूर्ण देश थांबलेला. योम किप्पूर. गाड्या नाहीत, बस नाही, विमानतळसुद्धा बंद. मोठ्या रस्त्यावर मधोमध मुलं सायकली चालवत होती आणि त्यांच्या चाकांचा आवाज तिसर्‍या मजल्यावर ऐकू येत होता. आजी पांढरी साडी नेसून सिनेगॉगला गेल्या. वर्षातून दोनदाच नेसतात ती.

ह्या दिवसाला त्यांचं नाव "दारफाळणीचा सण". फाळणं म्हणजे लावून घेणं. कोकणात ह्या दिवशी बेने इस्रायल घरं दारं लावून बसत, उपास करत, कुणाला शिवत नसत. हिब्रू नाव माहीत नाही, प्रार्थना माहीत नाहीत, फक्त एक ओळ तोंडात राहिलेली, देव एक आहे म्हणणारी शमा. बाकी काय राहिलं, तर दार लावून घ्यायची आठवण. दुसर्‍या दिवशी शिळा सण, म्हणजे दार उघडून दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं.

रात्री झोपताना हा शब्द डोक्यात होता. दिव्याला आम्हाला फाटक बंद होण्याची सवय आहे. फाटक उघडलं की लोकल खोळंबते, फाटक पडलं की माणसं. पण सगळ्यांनी मिळून, मनाने, एक दिवस दार लावून घ्यायचं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवारची सकाळ म्हणजे आजींकडे मनुका. काळ्या मनुका रात्रीच पाण्यात घातलेल्या असतात. सकाळी त्या टम्म फुगतात, पाणी गडद तांबूस होतं. आजी बोटांनी कुस्करतात, घाईने नाही, एकेक साल सुटेपर्यंत. मग मलमलीच्या फडक्यातून पिळून घेतात. फडकं इतक्या वर्षांत जांभळं पडलंय. हे शरबत काचेच्या बाटलीत भरून ठेवायचं आणि संध्याकाळी शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या सुट्टीची, मेणबत्ती लावल्यावर त्यावर आशीर्वाद म्हणायचा.

मी विचारलं, इथे तर द्राक्षाची वाइन कोपर्‍यावरच्या दुकानात मिळते, मग हे कशाला? त्या म्हणाल्या, "कोकणात द्राक्षं कुठली? वाळलेली मिळायची, तीच भिजवायची. माझ्या आजीने ह्यावरच म्हटलं, तिच्या आजीने ह्यावरच म्हटलं. देवाला ही चव ओळखीची आहे."

दुपारी मासे. पापलेटचं आंबट, नारळाच्या दुधात. कोळंबी-खेकडे नाहीत. त्याची एक कथा त्यांच्या प्रत्येक घरात सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी कोकणात आला. हे तेल गाळणारे लोक शनिवारी काम करत नाहीत, मुलांची सुंता करतात, हे त्याने पाहिलं. खात्री करायला त्याने बायकांपुढे नाना तर्‍हेचे मासे टाकले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवलं आणि पर असलेले तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतल्या माणसांना धर्म शिकवला, ते पुढे काजी झाले. मला ह्या कथेत एक गोष्ट फार मोठी वाटते. परीक्षा झाली ती बायकांची, आणि तीही चुलीपाशी.

२५ ऑक्टोबर

नात अकरा दिवसांची झाली, आज बारावा. सकाळी बारसं केलं. घुगर्‍या होत्या, पाळणा होता, तो लेकीच्या मैत्रिणीकडून आणलेला. आजींनी पाळण्याला हिरवी बांगडी बांधली. त्यांच्याकडेही मुलीला पाळण्यात घालून नाव ठेवतात.

पण मला आज लिहायचंय ते तेलाबद्दल.

बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला मी मुंबईहून बाटली आणली होती, सुगंधी, नावाजलेल्या कंपनीची. आजींनी वास घेतला आणि परत ठेवली. वर जाऊन स्वतःची आणली. तिळाचं, जाडसर, किंचित कडू वासाचं. अंगणातल्या पायरीवर उन्हाच्या तुकड्यात पाय पसरून बसल्या, बाळाला पायांच्या खोबणीत निजवलं आणि तळव्यापासून सुरुवात केली. अंगठ्याने तळव्यावर गोल, मग पोटरी, मग गुडघा न दाबता वर. बाळ रडलं नाही. डोळे मोठे करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

हात चालू असतानाच बोलत होत्या. "आमच्या पणजोबांचा पेणजवळ घाणा होता. बैलाच्या डोळ्यांवर झापड, घाण्याला लाकडी लाट, गोल गोल फिरायचा. शुक्रवारी दिवस कलला की झापड काढायची, बैल सोडायचा. शनिवारी घाणा बंद. गिर्‍हाईक आलं तरी तेल नाही. सरकारी माणूस आला तरी नाही. म्हणून आम्ही शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, महादेवाचे. लोकांना दोघांतला फरक तेवढाच ठाऊक."

मी म्हटलं, "बैलालासुद्धा सुट्टी?"

"तोरातच लिहिलंय ना. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा गडी, तुझं जनावर. पण आमच्या लोकांनी ते वाचलेलं नव्हतं. पुस्तकच नव्हतं. बैल सोडायचा एवढं माहीत होतं."

त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनार्‍यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. पुस्तकं समुद्रात गेली. ते कधी झालं ह्याबद्दल विद्वानांचं एकमत नाही. एवढं खरं की कित्येक पिढ्या ह्या लोकांनी एका बैलाच्या सुट्टीवर आपला धर्म टिकवला. मी आज त्या तेलाने माखलेल्या नातीला हातात घेतलं आणि वास घेतला. मुंबईची बाटली मी पुन्हा उघडली नाही.

७ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. पणत्या लावल्या. "तुझ्या गावाचं नाव आज सगळ्यांच्या दारात," आजी म्हणाल्या. फोनवर ह्यांनी सांगितलं की पाणी पहाटे तीनला आलं.

३ डिसेंबर

हनुका सुरू झाला. काल पहिली ज्योत, आज दुसरी, अशा आठ रात्री. आजी मेणबत्त्या न लावता काचेच्या वाट्यांत तेलवाती लावतात. अर्थात तिळाचं तेल.

१२ डिसेंबर

आजी, त्यांची लेक आणि मी, लोद आणि रामलेला गेलो. रेहोवोतपासून फार लांब नाही. लोदला बेने इस्रायलांची मोठी वस्ती आहे. त्याशिवाय अश्दोद, बीरशेबा आणि थेट दक्षिणेला वाळवंटातलं दिमोना. भारतातून आलेले यहुदी आणि त्यांची मुलंबाळं मिळून ऐंशी हजारांच्या घरात आहेत, त्यांतले बहुतेक मराठी घरांतले. एका दुकानात कढीपत्ता, आमसुलं, पोहे आणि मेतकूटही मिळालं. मालक "या, बसा" म्हणाला. त्याचा मुलगा हिब्रूत बोलत होता.

बाजारात उभ्या असताना अजान झाली. मला एकदम मुंब्रा आठवलं, दिव्याच्या अलीकडचं स्टेशन. घरी गॅलरीत उभं राहिलं की वार्‍यावर ती ऐकू येते. १९४८ च्या लढाईत लोद-रामलेतल्या बहुतेक अरबांना घरंदारं सोडून जावं लागलं. त्या रिकाम्या झालेल्या गावांत मग ठिकठिकाणचे नवे यहुदी येऊन राहिले. आजींनी ते लपवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आपण ज्या घरात शिरतो त्यात आधी कुणीतरी भाकरी भाजलेली असते."

येताना गाडीत त्यांनी स्वतःच १९६४ चा विषय काढला. त्या इथे येऊन वर्ष झालं होतं. इथल्या धर्मपीठाने हुकूम काढला होता की बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करणार असेल, तर आधी आई-आजीकडची वंशावळ जेवढी मागे नेता येईल तेवढी तपासायची. म्हणजे शंका अशी की हे खरे यहुदी का? आजी म्हणाल्या, "अठरा वर्षांची मी. कोकणात आम्हाला कुणी विचारलं नाही तुम्ही कोण. तेली म्हणायचे, इस्रायल म्हणायचे, मान द्यायचे. आणि इथे, आपल्या म्हटलेल्या घरात, दारातच अडवलं."

त्याच्याही आधी, पन्नाशीच्या सुरुवातीला, काहीजणांनी काळे-गोरे केल्याच्या तक्रारीवरून धरणं धरलं होतं, आणि शंभराहून अधिक माणसं मुंबईला परत गेली होती. ६४ च्या उन्हाळ्यात मात्र बेने इस्रायल जेरुसलेमला जाऊन बसले, बायकामुलांसकट, रस्त्यावर. आजींचे वडील रेल्वेत कारकून होते, युनियनची माणसं बघितलेली. त्यांनी सतरंजी आणि स्टोव्ह घेतला. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल संसदेत उभे राहिले, सर्व बाबतींत हे बाकीच्या यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असं संसदेने जाहीर केलं, आणि महिनाअखेर धर्मपीठाने हुकुमातून बेने इस्रायल हे नाव काढलं.

"त्या स्टोव्हवर काय शिजवलं?" मी विचारलं.

"खिचडी. दुसरं काय?"

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून "मायबोली"चे अंक काढले. इस्रायलमधून निघणारं मराठी त्रैमासिक, नोहा मस्सिल त्याचे संपादक. कविता, आठवणी, निधनवार्ता, पाककृती, सगळं मराठीत. मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. शुद्धलेखन तपासायची माझी सवय, पण आज लाल पेन हातात घ्यावंसं वाटलं नाही.

२१ जानेवारी २०१९

पौष पौर्णिमा. त्यांच्या शेवाट महिन्याची पंधरावी, तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष. बेने इस्रायलांसाठी हा एलिया हन्नाबीचा दिवस. कोकणात अलिबागजवळ खंडाळे गावात खडकावर खुणा आहेत, तिथून एलिया संदेष्ट्याचा रथ आकाशात गेला असं ते मानतात. तिथे ह्या दिवशी माणसं जमतात. आजी लहानपणी बैलगाडीने गेल्या होत्या.

आज त्यांच्या घरी मलिदा. सकाळी सातपासून मी मदतीला. पोहे धुऊन निथळत ठेवले, ओलं खोबरं खवलं, साखर, वेलची, बदाम, मनुका. सगळं हलक्या हाताने कालवलं, दाबायचं नाही, पोहा मोडता कामा नये. मोठ्या ताटात ढीग केला आणि सभोवती पाच फळं मांडली, खजूर, केळं, सफरचंद, संत्रं, डाळिंब. वर गुलाबाचं फूल आणि सब्जाची डहाळी. पुरुषांनी एलिया हन्नाबीचं गाणं म्हटलं, मग प्रत्येक जिनसावर वेगळा आशीर्वाद. झाडावर येतं त्याचा वेगळा, जमिनीतून येतं त्याचा वेगळा, वासाचा वेगळा. सब्जा हातोहात फिरला, प्रत्येकाने हुंगला. नातवंडं फोनमध्ये होती, पण डहाळी आली की तीही डोळे मिटून हुंगत होती. त्यांना मराठी येत नाही, "चल" आणि "पाणी" एवढंच. पण मलिदाला मलिदाच म्हणतात.

ताट रिकामं झाल्यावर आजींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "पोहे बघितलेस? यंत्राचे. कागदासारखे. पेणचे पोहे कसे असायचे! तू परत गेलीस की पेणला जाशील? दिव्यावरून गाडी आहे ना थेट?"

आहे. दिवा–रोहा. आमच्याच फलाटाशेजारून सुटते. पनवेल, आपटा, हमरापूर, पेण, नागोठणे, रोहा. मी आज प्रथमच ही स्थानकं मनात म्हटली आणि ध्यानात आलं की पनवेलला सिनेगॉग आहे, पेणला आहे, रोह्याजवळ अष्टमीला आहे. त्यांचं सगळं माहेर ह्याच रुळांवर आहे आणि त्याची सुरुवात दिव्याहून होते.

२१ मार्च

इथे पुरीम, तिकडे धुळवड. एकाच पौर्णिमेचे दोन्ही सण. रस्त्यावर मुलं राजाराणीचे वेष करून फिरतायत. आजींच्या घराण्यात पुरीमला होळीचा सण म्हणत. नातीला पाच महिने झाले. जिन्यात पावलं वाजली की ती आता दाराकडे बघते.

२९ मार्च

पुढच्या आठवड्यात निघायचं. आजी वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या तयारीला लागल्यात, घरातला खमिराचा कण न् कण बाहेर. त्यांचं जुनं नाव "अनशी ढाकण्याचा सण". अनशी म्हणजे आंबवणाचं मडकं, ते झाकून ठेवायचं.

आज त्यांनी एक पुस्तक दाखवलं, पुण्याला १८७४ साली छापलेल्या हग्गादाची नवी प्रत. वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या मेजावर वाचायची पोथी, एका बाजूला हिब्रू, दुसर्‍या बाजूला मराठी. चित्र असलेल्या पानावर त्या थांबल्या. बायका बेखमीर भाकर करतायत. कणीक मळणारी, लाटणारी, भाजणारी. सगळ्या नऊवारी नेसलेल्या, अंबाडे घातलेल्या. मिसर देशातून सुटकेची गोष्ट, आणि बायका पुण्याच्या वाड्यातल्या. आजींनी लाटणं धरलेल्या बाईवर बोट ठेवलं. "ही आमची," म्हणाल्या.

मी म्हटलं, "ही आमचीही."

"तुझीच. मी कुठं नाही म्हटलं?"

६ एप्रिल, दिवा

पोचले. पिंपं भरलेली. ह्यांनी वरण-भात करून ठेवला होता.

१० एप्रिल

ठाण्याला गेले. टेंभी नाक्याचं सिनेगॉग, शाआर हाशामाईम, स्वर्गाचं दार. १८७९ सालचं. आजींच्या आईवडिलांचं लग्न इथे लागलं होतं, "हात लावून ये" एवढंच त्यांचं सांगणं. पहार्‍यावरच्या पोलिसाला ओळखपत्र दाखवलं, कशाला आले ते सांगितलं. आत मधोमध बिमा, उभं राहून तोरा वाचायची जागा. दोन बाया पुढच्या आठवड्याच्या सणाचं मराठीतच बोलत होत्या. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनाच्या डबीला, हात लावून तो ओठांना लावला, आजी लावतात तसा. दिव्याहून ठाणं किती? मुंब्रा, कळवा आणि ठाणं. पंचवीस वर्षं ह्या भागात राहून मी पहिल्यांदा गेले, तेही रेहोवोतहून फिरून.

१४ एप्रिल, रविवार

पहिल्या गाडीने पेण. दिव्यात निळे झेंडे लागलेले, बाबासाहेबांची जयंती. डब्यात भाजीवाल्या, कोळणी, कॉलेजची मुलं. पनवेलनंतर डोंगर जवळ येतात. पेणचं सिनेगॉग १८६३ चं. विचारत विचारत गेले. एका वयस्क दुकानदाराने आळी दाखवली आणि आपणहून म्हणाला, "तेल ह्यांचं एक नंबर असायचं, आमचे वडील सांगायचे." घाणा कुठेच दिसला नाही.

पोहे घेतले, दोन किलो जाड. मुठीत घेऊन वास घेतला आणि मगच घेतले.

१९ एप्रिल

चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती. आणि आज रात्री तिकडे अनशी ढाकण्याचा सण. सूर्य मावळायच्या आत फोन केला, कारण नंतर आजी फोन उचलणार नाहीत. मागे भांड्यांचा आवाज होता, मनुकांचं शरबत गाळून झालं होतं. सिनेगॉगच्या दाराला हात लावला म्हटल्यावर त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, "पोहे जाड का पातळ?"

"जाड."

"बरं केलंस. आता रेगा थांब, मेणबत्ती लावायचीय." रेगा म्हणजे क्षणभर. थांबले, पण फोन बंद झाला होता.

लेकीच्या प्रयोगशाळेत नव्याने जाणारा एक मुलगा डोंबिवलीचा आहे. मे महिन्यात निघतोय, सामानात दोन किलोची जागा ठेवतो म्हणाला. पोहे स्टीलच्या डब्यात भरून, वर मलमलीचं फडकं बांधून ठेवलेत.